रेघ हातात बसेपर्यंत: फ्रीहँड ड्रॉइंग शून्यापासून शिकणाऱ्यांसाठी

माझी आई रोज सकाळी दारात रांगोळी काढायची. आधी गेरूचा हात, मग ठिपके, मग चिमटीतून एक सलग रेघ, आणि ती रेघ मधे कुठे अडखळायची नाही की थरथरायची नाही. तिला ड्रॉइंग कोणी शिकवलेलं नव्हतं, पण चाळीस वर्षं रोज काढलं की हाताला जे येतं ते तिच्याकडे होतं. मी ३१ व्या वर्षी परत पेन्सिल हातात घेतली तेव्हा सगळ्यात जास्त कामाला आलं ते तिला काढताना बघितलेलं. ती स्वतःच्या बोटांकडे बघायची नाही, रेघ ज्या ठिपक्यापर्यंत न्यायचीय त्या ठिपक्याकडे बघायची, आणि हात सगळा खांद्यापासून फिरायचा, नुसतं मनगट नाही. फ्रीहँडची निम्मी गोष्ट यातच आहे, बाकीची निम्मी म्हणजे समोरची वस्तू खरी कशी दिसते ते बघायला शिकणं.

फ्रीहँड म्हणजे पट्टी नाही, कंपास नाही, ट्रेसिंग नाही, फोटोवर चौकोन आखून उतरवणं नाही. नुसता डोळा आणि हात. मला आता १२ वर्षं झाली, नोकरी सांभाळून, रोज साधारण अर्धा तास. कोणी विचारलं की किती दिवसात येईल तर मी माझ्या अनुभवावरून सांगते, बघणाऱ्याला ओळखू येईल असं काढायला सहा महिने ते वर्षभर, हात मोकळा व्हायला तीनचार वर्षं, आणि कुठेही बसून समोर असेल ते न घाबरता काढायला त्याहून जास्त. हे ऐकून काही जण तिथेच सोडतात, पण मला वाटतं आधीच माहिती असलेलं बरं, म्हणजे चौथ्या महिन्यात चित्र वाकडं आलं तर माणूस स्वतःला दोष देत बसत नाही.

सामान

थोडकं घ्या. एचबी, २बी आणि ४बी अशा तीन पेन्सिली (बी पुढचा आकडा जितका मोठा तितकं शिसं मऊ आणि काळं), कॅमलिन अप्सरा काहीही चालेल, एक कटर, एक साधा खोडरबर, आणि ए५ साइजची स्केचबुक जी पिशवीत मावेल. त्याशिवाय घरात पडलेले एका बाजूने कोरे कागद, प्रिंटआउटचे, पत्रिकांचे, जे असतील ते. भारी वही पहिल्या वर्षी घेऊ नका, मी घेतली होती आणि पान खराब होईल या भीतीने सहा महिने ती उघडलीच नाही.

पेन्सिलला टोक शार्पनरने न काढता कटरने काढा, शिसं सेंटिमीटरभर बाहेर ठेवून. असं लांब शिसं असलं की पेन्सिल आडवी धरूनही काढता येते आणि एकाच पेन्सिलीतून बारीक रेघ पण मिळते आणि जाड रुंद पट्टा पण. कटर अंगठ्याने पुढे ढकलायचा, स्वतःकडे ओढायचा नाही.

पहिला महिना: नुसत्या रेघा

हा महिना कंटाळवाणा आहे पण टाळू नका. लिहिताना आपण पेन टोकाजवळ पकडतो आणि बोटं हलवतो, आणि त्याच सवयीने ड्रॉइंग करायला गेलं की रेघ तुकड्या तुकड्याने येते, केसाळ दिसते. त्यामुळे आधी पेन्सिल टोकापासून जरा लांब पकडा, मनगट फार वाकवू नका आणि हात कोपरातून, खांद्यातून फिरवा. टेबलवर सपाट कागदापेक्षा मांडीवर तिरका धरलेला बोर्ड किंवा परीक्षेचं पॅड जास्त बरं, कारण सपाट कागदाकडे आपण तिरके बघतो आणि वरचा भाग दबलेला दिसतो, मग चित्र नकळत लांबोडकं होतं.

आता आईची पद्धत. कागदावर दोन ठिपके द्या, सात आठ इंच अंतराने. पेन्सिल कागदाला न टेकवता हवेतच त्या ठिपक्यांमधून दोनतीन वेळा हात फिरवा, मग नजर दुसऱ्या ठिपक्यावर ठेवून एका दमात रेघ ओढा. चुकली तर चुकली, तिच्यावर परत गिरवू नका, नवीन ठिपके द्या. एक पान आडव्या, एक पान उभ्या, एक पान तिरक्या, मग वर्तुळं, मग लंबवर्तुळं. वर्तुळाला पण तसंच, हवेत दोन फेऱ्या आणि तिसरी कागदावर. रोज दहा मिनिटं पुरे, पण रोज. रविवारी दोन तास बसून सोमवार ते शनिवार सुट्टी असं केलं तर हात दर रविवारी परत पहिल्यापासून सुरू करतो हे मी करून बघितलंय.

लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवली तशीच ही गिरवणी आहे, फक्त यात खाली कोणी अक्षर काढून दिलेलं नाही. मी अजूनही कुठलंही चित्र सुरू करायच्या आधी एक पान रेघा काढते, गाणारे आधी सा लावतात तसं.

डोंगर, सूर्य आणि नारळाचं झाड

शाळेत आपण सगळ्यांनी एकच निसर्गचित्र काढलंय. दोन डोंगर, मधे उगवता सूर्य, त्यातून निघालेली नदी, कडेला झोपडी, नारळाचं झाड आणि आकाशात सपाट एम सारखे पक्षी. ते चित्र आपण कुठे बघून काढलेलं नव्हतं, ते पाठ होतं. मोठेपणी चित्र काढायला बसतो तेव्हा हाच पाठ केलेला डोंगर हातातून बाहेर येतो. डोळा म्हटलं की बदाम, झाड म्हटलं की वर ढग आणि खाली खोड. समोर खरं आंब्याचं झाड उभं असतं पण आपण डोक्यातलं झाड काढतो.

नवीन शिकणाऱ्याची खरी अडचण मला ही वाटते. आपल्याला हात येत नाही असं वाटतं पण बऱ्याचदा आपण बघितलेलंच नसतं. त्यासाठी दोन व्यायाम आहेत, दोन्ही फुकट.

पहिला, स्वतःचा डावा हात समोर धरा (डावखुरे असाल तर उजवा) आणि कागदाकडे अजिबात न बघता त्याची बाहेरची कड काढा. डोळा जितक्या हळू सरकेल तितकीच हळू पेन्सिल, एखादी मुंगी त्या कडेवरून चालतीय अशा वेगाने. पाच मिनिटांनी कागदावर जे येईल ते हातासारखं दिसणार नाही, चालेल. त्या पाच मिनिटात तुम्ही स्वतःच्या हाताकडे आयुष्यात पहिल्यांदा इतकं बघितलेलं असतं, पेरावरच्या सुरकुत्या, नखाची खरी कड, सगळं. हे महिनाभर रोज करा.

दुसरा, वस्तू न काढता वस्तूमधली पोकळी काढा. लाकडी खुर्ची घ्या आणि दांड्यांच्या मधे जे रिकामे आकार दिसतात तेवढेच काढा. पोकळीचं चित्र आपल्याला पाठ नसतं, त्यामुळे ती बघूनच काढावी लागते, आणि सगळ्या पोकळ्या बरोबर आल्या की मधे खुर्ची आपोआप उभी राहते. सायकल काढायची असेल तर हाच एक मार्ग आहे असं माझं मत आहे.

तांब्या

आता इथे जरा थांबू, कारण सहाआठ महिने इथेच राहायचंय. एक तांब्या, एक स्टीलचा पेला, एक पातेलं. ज्यांनी एलिमेंटरी इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा दिल्यात त्यांना वस्तुचित्राचा पेपर आठवत असेल, बेंचवर चढून बसलेली मुलं आणि मधे स्टुलावर बादली किंवा घागर. दहावीच्या वाढीव मार्कांसाठी बरेच जण त्या परीक्षा देतात आणि नंतर विसरतात, पण त्या स्टुलावरच्या घागरीत फ्रीहँडचं जवळजवळ सगळं गणित आहे.

सगळ्यात जास्त होणारी चूक सांगते. पेल्याचं तोंड लंबगोल काढलं जातं आणि तळ मात्र सरळ रेघ, कारण डोक्याला माहितीय की पेला टेबलवर सपाट उभा आहे. पण तळ पण गोलच आहे, आणि तो तुमच्या नजरेच्या पातळीपासून तोंडापेक्षा जास्त खाली आहे, म्हणून तळाचा लंबगोल तोंडाच्या लंबगोलापेक्षा जास्त उघडा, जास्त गोल दिसतो. खात्री करायची तर पेला हळूहळू डोळ्यासमोर वर उचला, तोंड चपटं चपटं होत जाईल आणि बरोबर डोळ्याच्या पातळीला आलं की नुसती रेघ उरेल. अजून वर नेला की तळ दिसायला लागेल. पेला हातात घेऊन हे एकदा करून बघा, समजावून सांगण्यापेक्षा ते लवकर कळतं.

मग काढायचं असं. आधी मधून एक उभी हलकी रेघ, हा तांब्याचा कणा. त्यावर तोंड, गळा, पोट, तळ कुठे येतात त्या खुणा. प्रत्येक खुणेवर एक पूर्ण लंबवर्तुळ, मागची न दिसणारी बाजू पण काढायची, जणू तांब्या काचेचा आहे. लंबवर्तुळाची दोन टोकं अणकुचीदार नसतात, कितीही चपटं असलं तरी कडेला ते वळतंच. मग बाहेरून दोन्ही बाजूच्या वळणांनी जोडायचं. सगळं २बी ने, इतकं हलकं की दोन फुटावरून दिसायला नको, आणि बरोबर वाटलं की मगच ठळक रेघ. खोडायची घाई नको, चुकलेल्या रेघेच्या शेजारी बरोबर रेघ काढा आणि चुकलेली तशीच राहू दे, नाहीतर परत तिथेच चुकतो.

माप घ्यायला पेन्सिल वापरा. हात कोपरात न वाकवता पूर्ण समोर ताणायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत तांब्याची रुंदी पकडायची आणि ती उंचीत किती वेळा बसते ते मोजायचं. कोपर जरा जरी वाकलं तरी माप बदलतं, आणि बसायची जागा बदलली की सगळीच मापं बदलतात. तिरक्या कडांसाठी तीच पेन्सिल त्या कडेला समांतर धरून तो अँगल तसाच कागदावर आणायचा. वर्षभरानंतर पेन्सिल धरावी लागत नाही, डोळाच मोजायला लागतो.

चित्र झालं की आरशात बघा किंवा मोबाइलवर फोटो काढून उलटा करा. तांब्या एका बाजूला कलला असेल तर लगेच दिसतो, सरळ बघताना आपल्याला त्या कलाची सवय झालेली असते.

घराबाहेर

सहाआठ महिन्यांनी बाहेर पडा. सुरुवातीला कोणी मागे येऊन उभं राहील याची भीती वाटते, तर भिंतीला पाठ लावून बसायचं, एवढाच उपाय. मुंबईत जेजे कला महाविद्यालयाची मुलं सीएसएमटीच्या आवारात बसून काढताना दिसतात, पुण्यात मंडईची इमारत आणि तिच्याभोवतीची गर्दी, नाशिकला गोदाघाट, वाईजवळ मेणवलीचा घाट, कोल्हापुरात रंकाळा, या जागांवर चित्रकार पिढ्यानपिढ्या बसत आलेत, तिथे पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाकडे कोणी फार वेळ बघत नाही. आणि यातलं काहीच जवळ नसेल तर एसटी स्टँड. मी सगळ्यात जास्त एसटी स्टँडवर शिकले कारण तिथे माणसं थांबलेली असतात, कंटाळलेली असतात, आणि बाकडं फुकट असतं.

बाहेर काढताना पहिली रेघ डोळ्याच्या पातळीची, म्हणजे क्षितिजरेषा. तुमच्या डोळ्यापेक्षा वर असलेल्या छपराच्या कडा लांब जाताना खाली उतरतात, डोळ्याच्या खालच्या, म्हणजे ओटे, फलाट, बाकडी, त्या वर चढतात, आणि सगळ्या त्या रेषेकडे जातात. माणसांना पण हाच नियम. तुम्ही उभे असाल आणि जमीन सपाट असेल तर साधारण तुमच्या उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी एकाच रेषेवर येतात, जवळची असोत की लांबची, फक्त पाय वर खाली होतात. बसून काढत असाल तर ती रेषा उभ्या असलेल्या सगळ्यांना साधारण एकाच जागी कापते, कुणाच्या पोटाशी तर सगळ्यांच्याच पोटाशी. हे मला कळलं त्या दिवशी माझी गर्दी जमिनीवर उभी राहिली, त्याआधी दोन वर्षं माझी माणसं हवेत तरंगायची.

माणसं काढताना घड्याळ लावा. तीस सेकंद, एक मिनिट, दोन मिनिटं. चेहरा नाही, बोटं नाही, फक्त वजन कुठल्या पायावर आहे, पाठीचा बाक कसा आहे, खांदे आणि कंबर कुठल्या बाजूला कललेत. पदर सावरत उभी असलेली बाई आणि डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई यांचा कणा वेगळा असतो, तो पकडायचा. पन्नासात चारपाच चांगली येतात. अंगाचं माप साधारण डोक्याच्या सातसाडेसात पट, मोठ्या माणसाचं, लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने बरंच मोठं. चेहऱ्यात डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर येतात, आपण सगळेच ते वर काढतो कारण केसांचा भाग मोजायचा विसरतो.

शेडिंगबद्दल थोडक्यात. डोळे किलकिले करून बघा, बारीक तपशील जातात आणि उजेड, मधला आणि अंधार असे तीनच भाग उरतात, तेवढेच भरा. बोटाने घासून गुळगुळीत करायची सवय लावून घेऊ नका, पहिल्या दोन वर्षात तर नाहीच. त्याने आकारातली चूक झाकली जाते आणि मग ती सापडत नाही.

दुसऱ्या तिसऱ्या वर्षी वाटतं की आपण मागे चाललोय

हे जवळपास सगळ्यांना होतं म्हणून आधीच सांगते. पहिल्या वर्षी जी चित्रं आवडायची ती अचानक वाईट दिसायला लागतात आणि नवीन काही मनासारखं येत नाही. याचं कारण असं की डोळा हाताच्या पुढे गेलेला असतो. आधी ज्या चुका दिसतच नव्हत्या त्या आता दिसतात, आणि हात अजून जुन्याच जागी असतो. काही महिन्यांनी हात गाठतो, मग परत डोळा पुढे जातो, असं चालू राहतं. मी याच टप्प्यावर एका क्लासला गेले होते, तिथे मला सांगण्यात आलं की या वयात आता काही होणार नाही, आणि मी आठ महिने पेन्सिल धरली नाही. ते आठ महिने गेल्याचं मला आजही वाईट वाटतं. तुम्ही या टप्प्यावर असाल तर चित्र दाखवायचं थोडे दिवस बंद करा, काढायचं बंद करू नका.

या काळात दोन गोष्टी बदलून बघा. एक, बॉलपेनने काढा. खोडता येत नाही म्हटल्यावर माणूस रेघ ओढायच्या आधी जास्त बघतो, परत ठिपक्यांची रांगोळीच. दोन, स्मरणचित्र. भाजीवाल्याकडे दोन मिनिटं बघा, घरी येऊन काढा, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघा की तागडी कुठल्या हातात होती, टोपल्या कशा रचल्या होत्या. जिथे कागदावर गोंधळ झालाय तिथे तुम्ही बघितलं नव्हतं, इतकं सरळ आहे ते.

आणि मोठ्यांचं काम प्रत्यक्ष बघा, मोबाइलवर नाही. सातारा जिल्ह्यात औंधला श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे, औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं, ते स्वतः चित्रकार होते. एक दिवस काढून जा आणि एकाच चित्रासमोर तासभर बसा, नुसत्या कडा कशा वळवल्यात ते बघत. दुसरं नाव व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा, गोव्यात लोटलीला त्यांचं घर. लहानपणी भिंतींवर चित्रं काढायचे म्हणून आईने कोरी वही आणून दिली आणि ते रोजच्या आयुष्याची चित्रांची डायरी ठेवायला लागले, गावातली लग्नं, पाद्री, शेजारी, कुत्री, सगळं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. कुलाब्यात कॅफे माँडेगारच्या भिंतींवर त्यांची माणसं आहेत, एक चहा घेऊन बसा आणि बघा, इतक्या गर्दीत कुठलीही दोन माणसं सारखी नाहीत. ते घरी बसून कल्पनेने येत नाही, त्यामागे त्या डायऱ्या आहेत.

तारीख घालणं

प्रत्येक पानावर तारीख आणि जागा लिहा, आणि एकही वही टाकू नका, कितीही लाज वाटली तरी. माझ्याकडे ४७ वह्या झाल्यात, माळ्यावर पत्र्याच्या पेटीत, डांबराच्या गोळ्या घालून.

आणि एक वस्तू दरवर्षीसाठी ठरवा. माझा आईचा पितळी तांब्या आहे, पोटाला एका बाजूला पोचा आलेला. दिवाळीच्या साफसफाईत तो चिंचेने घासून होतो, त्याच दिवशी संध्याकाळी तो त्याच स्टुलावर, खिडकीच्या डाव्या बाजूच्या उजेडात ठेवून वीस मिनिटात काढायचा, मागच्या वर्षीचं चित्र आधी न बघता. मग पेटीतून सगळे काढून जमिनीवर ओळीने मांडायचे. पहिल्या तीन तांब्यांचा तळ सरळ रेघ आहे. चौथ्यात तळ गोल झालाय पण गळा एका बाजूला कललाय. तो पोचा पहिल्यांदा दिसला सहाव्या वर्षी.